प्रत कोणाच्या हातीं? : तबकडीवरील खेळ व उतरवून घेतलेला खेळ



गेल्या हिवाळ्यांत आपल्या शाळेची सहल औंधास गेली होती. यमाईच्या मूळपीठाच्या डोंगरावर जें वस्तुसंग्रहालय आहे, त्याच्या दालनांतून फिरतां फिरतां मुलें राजा रविवर्मा यांच्या तैलचित्रांपुढें थबकलीं. “सर, हें मूळ चित्र कीं नक्कल?” असें एकीनें विचारलें. मूळच, असें मीं सांगतांच दुसरीनें विचारलें, “मग आमच्या आजीच्या देवघरांत लक्ष्मीचें चित्र आहे, त्यावरहि यांचेंच नांव आहे, तें कसें?” परतीच्या वाटेवर मोटारींत मागील बाकांवर निराळाच वाद जुंपला. आठवीच्या एका मुलास वाढदिवसाच्या पैशांतून कन्सोलवरील नवा खेळ घ्यावयाचा होता. तो तबकडीवर घ्यावा कीं इंटरनेटवरून डाऊनलोड करावा, हा वादाचा विषय. एक पक्ष म्हणे, “तबकडी पुढें विकतां येते.” दुसरा म्हणे, “तबकडी हरवते, तिच्यावर ओरखडे पडतात.” निवाडा माझ्याकडे आला, व मीं मुदत मागून घेतली. तो निवाडा आज या पानांतून देत आहें. आजीच्या देवघरांतील चित्राचा व मोटारींतील वादाचा संबंध काय, हेंहि ओघानें कळून येईल.

प्रथम चित्राची हकीकत. औंध संस्थानचे अधिपति भवानराव पंतप्रतिनिधि (१८६८–१९५१) हे स्वतः चित्रकार होते. त्यांनीं आयुष्यभर जमविलेल्या कलावस्तूंचें संग्रहालय १९३८ सालीं औंधास उभें राहिलें. रविवर्म्यांच्या (१८४८–१९०६) चित्रांप्रमाणेंच हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराची ‘माता व मूल’ ही दगडी कृतीहि तेथें आहे. अशा मूळ वस्तु एकेकच असतात. त्या पाहावयाच्या तर डोंगर चढून जावें लागतें. सर्वांना तें कोठून साधणार? रविवर्म्यांनीं यावर तोड काढली. १८९४ सालीं त्यांनीं मुंबईस घाटकोपर येथें शिळाछापखाना सुरू केला. पुढें तो लोणावळ्याजवळ मळवलीस नेण्यांत आला. तेथून निघालेलीं लक्ष्मी-सरस्वतींचीं रंगीत चित्रें महाराष्ट्रांतील घराघरांत जाऊन पोंचलीं. आजीच्या देवघरांतील चित्र हें अशाच प्रतींपैकीं एक.

आतां एक गोष्ट नीट ध्यानांत घ्या. चित्र पुनःपुन्हां छापून विकण्याचा हक्क छापखान्याचा. परंतु छापून विकलेल्या एका प्रतीचा धनी ती विकत घेणारा. हे दोन हक्क निरनिराळे आहेत. तो छापण्याचा हक्क चालू असतां आजीला त्या चित्राच्या हजार प्रती छापतां आल्या नसत्या. पण तिची एक प्रत तिनें भिंतीवर टांगावी, लेकीस द्यावी, कीं जुन्या बाजारांत विकावी, यास कोणाची परवानगी नको. १९७२ सालीं मळवलीचा छापखाना आगींत सांपडला व तेथील पुष्कळ साहित्य नष्ट झालें. तरी कोणाच्या भिंतीवरील चित्र त्यामुळें उतरलें नाहीं. छापणारा गेला, प्रत राहिली. आपल्या वादाची किल्ली येथेंच आहे.

आतां खेळाकडे वळूं. व्हिडिओ गेम म्हणजे संगणकास दिलेल्या आज्ञांची एक लांबलचक माला, व तिच्या जोडीला चित्रें आणि आवाज. हें सर्व शेवटीं अंकांच्या रूपानें सांठविलेलें असतें. तबकडीवर हे अंक अतिसूक्ष्म खुणांच्या रूपानें उमटविलेले असतात. यंत्रांतील प्रकाशकिरण त्या खुणा वाचतो. प्लेस्टेशन ५ ची तबकडी शंभर गिगाबाइटपर्यंत मजकूर धरूं शकते. यंत्र तो मजकूर आपल्या पोटांत उतरवून घेतें, आणि त्यानंतर तबकडीचें मुख्य काम साक्षीदाराचें राहतें: ती आंत घातलेली असेल तरच खेळ चालतो, म्हणजे धनी कोण हें ती सांगते. डाऊनलोड केलेला खेळहि त्याच अंकांचा बनलेला असतो. परंतु तो कंपनीच्या सर्व्हरवरून तारेनें अगर लहरींनीं येतो, आणि त्याचा साक्षीदार म्हणजे कंपनीच्या दप्तरांतील तुमचें खातें. तेव्हां खेळ एकच. साक्षीदार मात्र दोन. एक तुमच्या कपाटांत, दुसरा दूरच्या कचेरींत.

दोहोंचा हिशेब मांडून पाहूं, कारण पालकांस तो हवा असतो. समजा, नवा खेळ तबकडीवर चार हजार रुपयांस मिळतो. मुलानें तो खेळून संपविला व मित्रास दोन हजारांस दिला, तर खरा खर्च दोन हजार. चार मित्रांनीं चार निरनिराळे खेळ घेऊन आपसांत फिरविले, तर प्रत्येकास एका खेळाच्या किंमतींत चार खेळ मिळाले. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकांत जुनीं क्रमिक पुस्तकें याच न्यायानें एका विद्यार्थ्याकडून दुसऱ्याकडे जातात. उलट, डाऊनलोड खेळ मित्रास विकतां येत नाहीं. परंतु कंपनीच्या ऑनलाइन दुकानांत सवलतीचे दिवस येतात, व जुना खेळ तेव्हां पुष्कळच स्वस्त मिळतो. म्हणून नव्या खेळास तबकडी, जुन्यास डाऊनलोड, असें पैशापुरतें साधारणपणें म्हणतां येईल.

आणखी एक उदाहरण वर्गांत सोडवून पाहा. खेळ साठ गिगाबाइटचा आहे व घरच्या मोबाइलला दररोज दीड गिगाबाइट मिळतात. सर्वच्या सर्व त्यांत घातले तरी साठ भागिले दीड, म्हणजे चाळीस दिवस लागतील. सेकंदास दहा मेगाबिट या वेगाची तारेची जोडणी असेल, तर तेंच काम सुमारें साडेतेरा तासांत होईल. शहरांतल्या मुलास जें सोपें, तें खेड्यांतल्या मुलास तितकें सोपें नसतें. परंतु दुसरी बाजूहि आहे. लहान गांवीं तबकड्यांचें दुकान नसतें; त्यासाठीं साताऱ्यास, कराडास कीं सांगलीस जावें लागतें. तबकडीला ओरखडा पडतो, पावसाळ्यांत ओल लागते, लहान भावंडांच्या हातीं ती चाकासारखी फिरते. डाऊनलोड केलेल्या खेळास ही पीडा नाहीं. खातें शाबूत असून दुकान चालू आहे तोंपर्यंत तो पुन्हां उतरवून घेतां येतो.

शिवाय डाऊनलोडनें एक मोठें काम केलें आहे, तें विसरूं नये. पुण्यांतील ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या लहानशा मंडळीनें ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ हा खेळ रचला. राक्षसांनीं पळविलेल्या धाकट्या भावाच्या शोधार्थ निघालेली राजी नांवाची मुलगी ही त्याची नायिका. लोकवर्गणीचा त्यांचा २०१७ मधील प्रयत्न अपुरा पडला. तरी त्यांनीं नेट सोडला नाहीं, व ऑगस्ट २०२० मध्यें तो खेळ प्रथम निंटेंडो स्विच या कन्सोलवर ऑनलाइन दुकानांतून प्रसिद्ध झाला. अशा मंडळींनीं आरंभींच हजारों प्रती छापून देशोदेशींच्या दुकानांत पाठवावयाच्या म्हटल्या, तर तें भांडवल कोठून आणावें? रविवर्म्यांच्या छापखान्यानें चित्रास जसें घराघरांत नेलें, तसें डाऊनलोडनें पुण्याच्या खेळास जगांत नेलें.

मग दोष कोठें आहे? तो प्रत हलकी असण्यांत नाहीं. प्रतीचा धनी कोण, या प्रश्नांत आहे. दुकानाच्या पडद्यावर ‘खरेदी करा’ असें लिहिलेलें असतें; परंतु खालीं बारीक अक्षरांत जो करार असतो, त्यांत बहुधा असें म्हटलेलें असतें कीं तुम्हांस खेळ विकलेला नसून तो खेळण्याचा परवाना दिला आहे. परवाना देणारा तो काढूनहि घेऊं शकतो. याचे दाखले आहेत. जुलै २००९ मध्यें ॲमेझॉन कंपनीनें जॉर्ज ऑर्वेलच्या दोन पुस्तकांच्या कांहीं प्रती ग्राहकांच्या किंडल यंत्रांतून दूरवरून पुसून टाकल्या. विकणाऱ्याकडे त्या पुस्तकांचे हक्क नव्हते, हें कारण. पैसे परत दिले हेंहि खरें. परंतु विकलेलें पुस्तक परत नेण्यासाठीं दुकानदार रात्रीं घरांत शिरला, असें कागदी पुस्तकाच्या बाबतींत कोणी कधीं ऐकलें आहे काय?

खेळांच्या बाबतींत निंटेंडोनें वी-यू व थ्री-डी-एस या कन्सोलांच्या ऑनलाइन दुकानांत खरेदी करणें मार्च २०२३ मध्यें बंद केलें. त्या दुकानांतूनच मिळणारे जे खेळ अन्यत्र निघालेले नव्हते, ते त्या दिवसापासून नव्या ग्राहकास विकत मिळेनासे झाले. ज्यांच्या वड्या, म्हणजे कार्ट्रिज, निघाल्या होत्या, ते जुन्या बाजारांत फिरत राहिले. त्याच वर्षीं अमेरिकेंतील ‘व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन’ या संस्थेनें पाहणी करून दाखविलें कीं त्या देशांत २०१० पूर्वीं निघालेल्या खेळांपैकीं शेंकडा ८७ खेळ आज बाजारांत नव्यानें विकत मिळत नाहींत.

येथवर वाचून तबकडीचा पक्ष हर्षित झाला असेल. त्यांनीं थोडें थांबावें. युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीचा ‘द क्रू’ हा मोटारशर्यतीचा खेळ २०१४ सालीं निघाला. तो तबकडीवरहि मिळत असे. परंतु तो चालण्यास कंपनीच्या सर्व्हरशीं सतत जोडणी लागे. मार्च २०२४ च्या अखेरीस कंपनीनें ते सर्व्हर बंद केले, आणि ज्यांच्या कपाटांत तबकडी होती त्यांचाहि खेळ त्याच दिवशीं संपला. तबकडी हातांत होती. खेळ मात्र हातांत नव्हता. जून २०२५ मध्यें निघालेल्या निंटेंडो स्विच २ या कन्सोलच्या कांहीं खेळांच्या वड्या तर अशा आहेत कीं त्यांत खेळ मुळींच नसतो. असते ती केवळ किल्ली. खेळ इंटरनेटवरूनच उतरवून घ्यावा लागतो. ती वडी मित्रास विकतां येते, हा तिचा गुण. परंतु सर्व्हर गेला म्हणजे नव्या घरच्या यंत्रांत ती काय उघडणार?

याच्या उलटहि उदाहरण आहे. पोलंडमधील ‘जीओजी’ हें दुकान २००८ पासून संगणकावरील खेळ कुलपावांचून विकतें. तेथून उतरवून घेतलेली प्रत तुम्ही आपल्या सांठवणींत ठेवावी. ती एकट्यानें खेळतांना कोणाच्या परवानगीची वाट पाहत नाहीं. ती वजनरहित आहे, परंतु तुमची आहे. म्हणून मोटारींतील दोन्ही पक्षांनीं प्रश्नच चुकीचा मांडला होता, असें मला वाटतें. तबकडी कीं डाऊनलोड, हा खरा भेद नव्हे. देणाऱ्यानें उद्यां दार लावून घेतलें, तर माझी प्रत चालेल कीं नाहीं, हा खरा भेद होय.

हा भेद मला आमच्याच घरीं कळला. माझ्या बहिणीच्या थोरल्या मुलानें तीन-चार वर्षांत बारा खेळ डाऊनलोड करून घेतले होते. पैसे बहिणीनें शिवणकामांतून सांठवून, दर वाढदिवसास व नाताळास थोडे थोडे दिले होते. पुढें मोबाइलचा क्रमांक बदलला, जुना बंद पडला. खात्याचा परवलीचा शब्द मुलगा विसरला, आणि तो नव्यानें मिळविण्याचा संदेश त्या बंद क्रमांकावरच जात राहिला. कंपनीशीं पत्रव्यवहार झाला, परंतु खातें आपलेंच हें आमच्यानें सिद्ध करवलें नाहीं. बाराचे बारा खेळ गेले. कंपनीनें कांहीं चोरलें नव्हतें, व चूक आमचीहि होती. परंतु बहिणीनें मला विचारलें, “दादा, मी विकत घेतलेली वस्तु माझीच आहे हें मी कोणाला सिद्ध करून दाखवायचं?” यास उत्तर मजपाशीं नव्हतें. धाकटा भाचा मात्र तीन जुन्या तबकड्यांवर अजून खेळतो.

माझ्या टेबलावर मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आहे. तो माझ्या वडिलांचा. पहिल्या पानावर त्यांच्या हातची सही, खालीं माझी. तिसऱ्या सहीपुरती जागा मीं मुद्दाम मोकळी ठेविली आहे. बापाचा ग्रंथ मुलाकडे यावा यास कोणा कंपनीची संमति लागली नाहीं. खेळ हा कोशाइतका मोलाचा नसेल. परंतु आजच्या मुलांचें बाळपण ज्यांत गेलें, त्यांतील कांहीं तरी त्यांच्या मुलांस दाखवावेंसें त्यांना वाटणार नाहीं काय?

कायदा काय सांगतो, हेंहि पाहूं. आपल्या देशाचा प्रताधिकार कायदा १९५७ चा आहे. ग्रंथाच्या प्रती काढण्याचा अधिकार तो कर्त्यास देतो. परंतु एकदां व्यवहारांत आलेल्या प्रतीवर त्या अधिकाराचा पुन्हां बोजा ठेवीत नाहीं. म्हणूनच जुन्या पुस्तकांचा धंदा निर्वेध चालतो. संगणकीय आज्ञावलीची प्रत ज्याच्याकडे कायदेशीर रीतीनें आहे, त्यास ती नष्ट होईल या भयानें स्वतःच्या वापरापुरती राखीव प्रत करण्याची मुभा त्याच कायद्याच्या ५२ व्या कलमांत आहे. १९५४ च्या ग्रंथप्रदान कायद्यान्वयें प्रत्येक प्रकाशकास नव्या पुस्तकाच्या प्रती कलकत्त्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयास व इतर नेमलेल्या ग्रंथालयांस, त्यांत मुंबईचेंहि एक आहे, पाठवाव्या लागतात. हा कायदा पुस्तकांचा व नियतकालिकांचा. खेळ त्यांत येत नाहींत. अमेरिकेंतील कॅलिफोर्निया राज्यानें मात्र १ जानेवारी २०२५ पासून असा नियम केला आहे कीं विक्रेता केवळ परवाना देत असेल, तर तसें स्पष्ट सांगितल्यावांचून त्यानें ‘खरेदी’ हा शब्द वापरूं नये. कायमची उतरवून घेऊन जोडणीवांचून वापरतां येणारी प्रत जो देतो, त्यास हें बंधन नाहीं. शब्दास शब्दाचा अर्थ द्यावा, एवढीच ती मागणी आहे.

येथें एखादा विद्यार्थी हळूच म्हणेल, “सर, मग चोरून केलेली प्रतच बरी. ती कोणी काढून घेत नाहीं.” एके काळीं अशा तबकड्या आपल्या शहरांच्या पदपथांवर उघड विकल्या जात, माझ्याहि तरुणपणीं मित्रांच्या घरीं त्या मीं पाहिल्या आहेत. यास माझें उत्तर एकच. प्रतीचा धनी आपण आहों असें जो म्हणतो, त्यानें कृतीचा धनी दुसरा आहे हें आधीं मानलें पाहिजे. पुण्याच्या त्या मंडळीनें वर्षानुवर्षें खपून राजीस चालावयास व लढावयास शिकविलें. त्यांचा मोबदला बुडवून आपला हक्क मागणें म्हणजे एका हातानें माप भरणें व दुसऱ्या हातानें तें ओतणें होय.

टिकण्याबद्दल औंधाचाच आणखी एक दाखला देतों. पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर यांनीं औंधास राहून स्वाध्याय मंडळाच्या द्वारें वैदिक संहिता छापून प्रसिद्ध केल्या. छापण्यापूर्वीं शतकानुशतकें त्या मुखोद्गत होत्या. तबकडी नाहीं, कागद नाहीं, वजन नाहीं. तरी त्या टिकल्या, कारण त्या एका कंठांत नसून अनेक कंठांत होत्या. एक पाठ करणारा गेला तर दुसरा उरे. एकाच ठिकाणीं ठेवलेली प्रत, मग ती दगडावर कोरलेली असो कीं सर्व्हरवर सांठविलेली असो, एका आगीनें किंवा एका निर्णयानें नाहींशी होते.

असो. माझा निवाडा येणेंप्रमाणें. खेळ घेण्यापूर्वीं मुलानें व पालकानें एकत्र बसून चार प्रश्न विचारावे. पहिला, हा खेळ इंटरनेटवांचून चालेल काय? दुसरा, तबकडींत वा वडींत संपूर्ण खेळ आहे कीं केवळ किल्ली? तिसरा, खेळून झाल्यावर तो मला दुसऱ्यास देतां येईल काय? चौथा, खातें कोणाच्या नांवें, कोणत्या क्रमांकावर आहे, व तो क्रमांक बदलल्यास काय करावयाचें, हें घरांतील वडील माणसांस ठाऊक आहे काय? पहिल्या तीन प्रश्नांचीं उत्तरें अनुकूल असतील तर त्या खेळास पुरी किंमत द्यावी. प्रतिकूल असतील, तर तो विकत घेतलेला नसून भाड्यानें घेतलेला आहे असें समजावें, व भाड्याइतकेच पैसे द्यावे. भाड्यानें घेणें हें पाप नव्हे. आपण ग्रंथालयांतून पुस्तक आणतोंच. मात्र भाडें देऊन घर आपलें झालें असें मानूं नये.

आठवीच्या त्या विद्यार्थ्यास घरचा अभ्यास म्हणून एवढेंच सांगतों: तुला हवा असलेल्या खेळाचीं हीं चार उत्तरें वहींत लिही, वडिलांची सही घे, आणि मग खेळ घे. तबकडी घेतलीस तर तिच्या डबीवर आपलें नांव लिही, व त्याखालीं आणखी एका नांवापुरती जागा ठेव. खातें उघडलेंस तर त्याचा परवलीचा शब्द आईजवळ लिहून ठेव. तुझी वही पाहावयास मी उत्सुक आहें.